त्या फोटोत कोण आहे? वाचकांचे प्रश्न, जुन्या फोटोंबद्दल

मागच्या अंकात मी अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या (१८६१ ते ६५, गुलामगिरी टिकवू पाहणारी दक्षिणेतली राज्यं विरुद्ध उत्तर) एका फोटोबद्दल लिहिलं होतं. १८६१-६२ च्या सुमाराचा, वॉशिंग्टनजवळच्या छावणीतला. तंबूसमोर एक सैनिक, त्याची बायको, तीन लहान पोरं, एकाच्या हातात कुत्र्याचं पिल्लू आणि आजूबाजूला सगळा संसार मांडलेला. त्यावर एवढे मेसेज येतील असं वाटलं नव्हतं, म्हणून या वेळी दुसरे विषय बाजूला ठेवून फक्त याच फोटोंवरचे प्रश्न घेतोय.

प्रश्न : काका, मी फोटोग्राफीचा कोर्स करतोय. चार वर्षं युद्ध चाललं, हजारो फोटो काढले म्हणता, मग एकातही धावणारे घोडे, गोळीबार असं काहीच का दिसत नाही? फोटोग्राफर घाबरून लांब राहायचे का? (कॉलेज रोड)

घाबरण्याचा प्रश्न नव्हता रे, केमिकलचा होता. तेव्हा वेट प्लेट म्हणजे ओल्या काचेची पद्धत चालायची, फ्रेडरिक स्कॉट आर्चर नावाच्या इंग्रजाने १८५१ ला आणलेली. आधी काच लख्ख पुसायची, मग त्यावर कोलोडियन ओतायचं. कोलोडियन म्हणजे ॲसिडची प्रक्रिया केलेला कापूस इथर आणि अल्कोहोलमध्ये विरघळवून केलेलं चिकट द्रव, त्यात आयोडाइडचे क्षार. काच हातावर धरून अशी तिरपी तिरपी करत फिरवायची की चारी कोपऱ्यांपर्यंत एकसारखा थर जायला पाहिजे आणि एक थेंबही परत मागे यायला नको. मग अंधारात ती सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची, निथळवून होल्डरमध्ये घालायची, पळत कॅमेऱ्याकडे जायचं, लेन्सचं झाकण हाताने काढायचं, मनात सेकंद मोजायचे, झाकण लावायचं, पळत परत यायचं आणि डेव्हलपर ओतायचा. हे सगळं प्लेट ओली आहे तोवर, म्हणजे साधारण दहा मिनिटांत. वाळली की संपलं. आता विचार कर, व्हर्जिनियातला जुलै महिना, घोडागाडीत बांधलेली अंधारी खोली, आत इथरचा वास, बाहेर धूळ आणि माशा. सैनिक त्या गाडीला ‘व्हॉट-इज-इट’ म्हणायचे, कारण असली गाडी त्यांनी आधी कधी बघितलेलीच नव्हती.

आमच्या वडिलांचा स्टुडिओ रविवार कारंज्याजवळ होता, मी दहाव्या वर्षापासून त्यांच्याबरोबर डार्करूममध्ये उभा राहिलोय. हायपोचा, म्हणजे फोटो पक्का करायच्या केमिकलचा, वास अजून नाकात आहे. आमच्याकडे तयार फिल्म असायची, नळाला पाणी असायचं, तरी प्रिंट बिघडायच्या. त्यामुळे या लोकांनी रानात उभं राहून काचेवर जे काढून ठेवलंय ते बघून मला खरंच हात जोडावेसे वाटतात.

तर एक्स्पोजर काही सेकंदांचं, उजेड कमी असला तर अजून जास्त. घोड्याने मान हलवली की मान गायब. म्हणून त्या फोटोंमध्ये काय आहे तर पूल, तोफा, उद्ध्वस्त घरं, तंबू, पत्ते खेळायला बसलेले सैनिक, स्वयंपाक, दवाखाने, रेल्वेचे रूळ आणि प्रेतं. अपवाद म्हणजे सप्टेंबर १८६३ मध्ये जॉर्ज कुक नावाच्या दक्षिणेकडच्या फोटोग्राफरने फोर्ट समटर किल्ल्याच्या पडक्या भिंतीवरनं, समुद्रातनं तोफा डागणाऱ्या चिलखती जहाजांचा फोटो काढला होता, पण तसं क्वचितच. आणि दक्षिणेकडचे फोटो मुळातच कमी आहेत कारण उत्तरेच्या आरमाराने बंदरं अडवली होती, केमिकल आणि कागद पोचायचंच नाही.

एक गोष्ट कोर्समध्ये कदाचित सांगणार नाहीत म्हणून सांगतो. कोलोडियनला निळा रंग फार लवकर लागतो आणि लाल-पिवळा जवळजवळ लागतच नाही. म्हणून त्या फोटोंत आकाश पांढरंफटक असतं, निळ्या डोळ्यांची माणसं भुतासारखी दिसतात आणि चेहऱ्यावरचे बारीक तांबूस ठिपके काळे उठतात. आपल्याकडची बाई कुंकू लावून त्या कॅमेऱ्यासमोर बसली असती तर कुंकू काळंच आलं असतं. जुन्या फोटोतला माणूस काळा-गोरा, थकलेला, आजारी वाटला तर आधी हे लक्षात घ्यायचं.

प्रश्न : दादा, मी शाळेत शिकवते. मुलींना तो फोटो वर्गात दाखवला. पहिला प्रश्न आला तो असा, ‘बाई, त्या बाईचं नाव काय?’ मला उत्तर देता आलं नाही. तुम्ही सांगाल का? (पंचवटी)

ताई, तुमच्या मुलींनी नेमक्या जागी बोट ठेवलंय. त्या फोटोच्या नोंदीत पलटणीचं नाव आहे, ३१ वी पेनसिल्व्हेनिया इन्फंट्री. छावणीच्या जागेचं नाव आहे. पलटणीचा नंबर पुढे बदलून ८२ झाला हेसुद्धा लिहिलंय. त्या बाईचं नाव नाही, पोरांचं नाही, नवऱ्याचंही नाही.

असंच एक दुसरं चित्र सांगतो. मे १८६२, व्हर्जिनियातलं कंबरलँड लँडिंग, जेम्स गिब्सनने काढलेला फोटो. एका घरासमोर काळ्या माणसांचा घोळका बसलाय, म्हातारे, बायका, कडेवरची पोरं. हे सगळे गुलामीतून निसटून उत्तरेच्या सैन्याकडे आलेले लोक. कॅप्शनमध्ये त्यांना ‘कॉन्ट्राबँड’ म्हटलंय, म्हणजे शत्रूचा जप्त केलेला माल. हा शब्द कुठून आला तर मे १८६१ मध्ये उत्तरेच्या ताब्यातल्या फोर्ट मन्रो किल्ल्यात तीन गुलाम पळून आले, मालकाने परत मागितले, तेव्हा तिथला जनरल बटलर म्हणाला की तुम्ही यांना मालमत्ता समजता ना, मग युद्धात शत्रूची मालमत्ता जप्त करता येते, देत नाही परत. कायद्याची पळवाट होती आणि तिच्यामुळे हजारो लोक सुटले, पण शब्द चिकटला तो मालाचाच. त्या फोटोत घर कोणाचं ते लिहिलंय, फॉलरचं घर म्हणून. बसलेल्या एकाचंही नाव नाही. मला हे दर वेळी टोचतं.

आणि १८६३ चा तो पाठीचा फोटो, चाबकाच्या वळांनी भरलेली पाठ आपल्याकडे करून बसलेला माणूस. लुईझियानातल्या मळ्यातनं पळून बॅटन रूजच्या छावणीत पोचला, तिथे मॅक्फर्सन आणि ऑलिव्हर यांनी फोटो काढला, त्याच्या छोट्या कार्डांवरच्या प्रती गावोगाव विकल्या गेल्या. गुलामगिरी म्हणजे काय हे उत्तरेतल्या लोकांनी या एका फोटोत डोळ्यांनी बघितलं. पण त्याला कोणी गॉर्डन म्हणतं, कोणी पीटर म्हणतं. एवढा प्रसिद्ध फोटो आणि नावाचा घोळ आजपर्यंत चालू आहे.

मुलींना मात्र अजून एक फोटो नक्की दाखवा, सोजर्नर ट्रुथचा. स्वतः गुलामीत जन्मलेली, पुढे गावोगाव भाषणं देणारी बाई. तिने स्वतःचे फोटो काढून घेतले, डोक्यावर पांढरी टोपी, हातात विणकाम, आणि खाली छापून घेतलं, ‘देह पोसण्यासाठी मी माझी छाया विकते’. १८६४ मध्ये कॉपीराइटसुद्धा तिच्याच नावावर. ज्या काळात दुसऱ्यांनी काढलेल्या फोटोत हिच्यासारख्या माणसांना नाव मिळत नव्हतं त्या काळात ही बाई आपला चेहरा, आपलं नाव आणि त्याचे पैसे तिन्ही स्वतःच्या हातात ठेवते. वर्गात यावर एक पूर्ण तास जाईल बघा.

प्रश्न : मी लष्करातून निवृत्त झालोय. मेलेल्या जवानांचे फोटो काढून प्रदर्शनात लावणं मला पटत नाही. शिवाय ऐकलंय की ती प्रेतं फोटोसाठी हलवली होती. खरं आहे का? (देवळाली कॅम्प)

नमस्कार. प्रश्नाचा दुसरा भाग आधी घेतो कारण त्याचं उत्तर स्पष्ट आहे. हो, निदान एका फोटोत तरी हलवलं होतं. जुलै १८६३, गेटिसबर्ग, दगडांच्या आडोशाला पडलेला दक्षिणेचा एक तरुण सैनिक, भिंतीला टेकवलेली बंदूक. अलेक्झांडर गार्डनर नावाच्या फोटोग्राफरने हा फोटो आपल्या पुस्तकात छापला आणि खाली गोष्टच लिहिली की हा नेमबाज इथे लपून गोळ्या झाडत होता, जखमी झाला, एकटाच मेला वगैरे. शंभर वर्षं लोकांनी ते खरं धरलं. मग विल्यम फ्रासानिटो नावाच्या अभ्यासकाने जुने फोटो घेऊन तिथला प्रत्येक दगड जुळवला आणि १९७५ मध्ये दाखवून दिलं की हेच प्रेत सुमारे ४० यार्डांवर खाली उतारावर आधी पडलेलं होतं, तिथेही त्याचे फोटो काढले, आणि मग उचलून त्या आडोशाला आणून ठेवलं. बंदूकही नेमबाजाची नव्हे, फोटोग्राफरने सामान म्हणून ठेवलेली.

आपल्याकडेही असं झालंय. लखनौच्या सिकंदर बागेत नोव्हेंबर १८५७ मध्ये इंग्रज फौजेने बंडातले सुमारे दोन हजार शिपाई मारले. फेलिचे बियातो नावाचा फोटोग्राफर तिथे पोचला तो काही महिन्यांनी, १८५८ मध्ये, आणि त्याच्या फोटोत अंगणभर माणसांची हाडं पसरलेली दिसतात. ती हाडं फोटोसाठी उघडी करून मांडली असं मानलं जातं. ती आपली माणसं होती. गार्डनरचा फोटो बघताना मला राग येतो, बियातोचा बघताना बघवत नाही.

आता पहिला भाग. १७ सप्टेंबर १८६२ ला अँटिएटमची लढाई झाली, एका दिवसात मेलेले, जखमी आणि बेपत्ता मिळून सुमारे २३ हजार. गार्डनर आणि गिब्सन दोन दिवसांत तिथे पोचले, पुरण्याच्या आधी. ऑक्टोबरमध्ये त्यांचा मालक, स्टुडिओवाला मॅथ्यू ब्रेडी, याच्या न्यूयॉर्कच्या गॅलरीत ते फोटो लागले, बाहेर पाटी, ‘अँटिएटमचे मृत’. लोक रांगा लावून आले, भिंग घेऊन चेहरे बघत होते. न्यूयॉर्क टाइम्सने लिहिलं की ब्रेडीने प्रेतं आणून आपल्या अंगणात ठेवली नाहीत, पण जवळपास तसंच काहीतरी केलंय. त्याआधी घरी बसलेल्या लोकांसाठी युद्ध म्हणजे पेपरातली नावांची यादी होती, सकाळी चहाबरोबर वाचायची आणि विसरायची.

तुम्ही गणवेश घातलाय, मी नाही, त्यामुळे तुमच्या न पटण्याला मी खोडून काढणार नाही. माझं मत एवढंच की फोटो दाखवणं एक आणि प्रेत उचलून आपल्याला हवी ती गोष्ट त्याच्या तोंडी घालणं दुसरं. पहिलं मी सहन करू शकतो. त्या गेटिसबर्गच्या पोराच्या घरचे कोणीतरी त्याची वाट बघत असणार आणि त्याला मात्र कायमचा ‘नेमबाज’ करून टाकलं, हे मला माफ करता येत नाही.

प्रश्न : सगळीकडे ब्रेडीचं नाव येतं, एवढे फोटो एकट्याने काढले? (सिन्नर)

नाही. त्याची दृष्टी कमजोर होती आणि युद्धातले बहुतेक फोटो त्याने पगारावर ठेवलेल्या माणसांनी काढले, गार्डनर, गिब्सन, टिमोथी ओ'सलिव्हन असे कितीतरी. नाव लागायचं स्टुडिओचं. हे आपल्याकडे आजही लग्नाच्या फोटोंत चालतं, काढतो एक आणि वॉटरमार्क दुसऱ्याचा. गार्डनर पुढे वेगळा झाला आणि १८६६ मध्ये १०० फोटोंचं दोन खंडांचं पुस्तक काढलं, खरे प्रिंट चिकटवलेले, किंमत १५० डॉलर, तेव्हाच्या मानाने प्रचंड. ते विकलं गेलं नाही फारसं. पण त्यात प्रत्येक फोटोखाली निगेटिव्ह कोणाची आणि प्रिंट कोणाची हे नावानिशी छापलंय. वर गार्डनरवर रागावलो होतो, या बाबतीत त्याला मान देतो. ब्रेडीने स्वतःचा सगळा पैसा यात घातला होता, सरकारने १८७५ मध्ये त्याचा संग्रह २५ हजार डॉलरला घेतला तोवर तो कर्जात बुडालेला होता, १८९६ मध्ये गरिबीतच गेला.

प्रश्न : हे फोटो तेव्हा पेपरात छापून यायचे का? (नाशिकरोड)

नाही, ते तंत्रच नव्हतं. फोटो बघून कारागीर लाकडाच्या ठोकळ्यावर चित्र कोरायचा आणि ते छापायचं, त्या पाठीच्या फोटोचंही ४ जुलै १८६३ च्या हार्पर्स वीकलीत असं कोरीव चित्रच आलं होतं. बारीक ठिपक्यांतनं फोटो जसाच्या तसा छापणारा हाफटोन ब्लॉक रुळला १८८० नंतर. आपल्या त्र्यंबकेश्वरचे दादासाहेब फाळके, जन्म १८७०, सिनेमाकडे वळायच्या आधी फोटोग्राफी आणि हे ब्लॉकचंच काम शिकले होते.

प्रश्न : आपला काय संबंध या युद्धाशी? आपल्याकडचं काहीतरी लिहा. (गंगापूर रोड)

संबंध आहे. इंग्लंडच्या गिरण्यांना बहुतेक कापूस अमेरिकेच्या दक्षिणेतनं जायचा, गुलामांनी वेचलेला. बंदरं अडवली गेल्यावर तो थांबला आणि गिरण्या हिंदुस्थानच्या कापसावर आल्या. खानदेश, वऱ्हाडचा कापूस सोन्याच्या भावाने मुंबईला जायला लागला, मुंबईत पैशाचा पूर आला, जो तो शेअर घेत सुटला. कसारा घाटातली रेल्वे जानेवारी १८६५ मध्ये सुरू झाली, आणि एप्रिलमध्ये तिकडे युद्ध संपलं. भाव कोसळले, मुंबईतल्या कंपन्या आणि बँका पत्त्यासारख्या पडल्या. म्हणजे घाट उतरणाऱ्या कापसाच्या गाठी आणि कंबरलँड लँडिंगला त्या घरासमोर बसलेली माणसं एकाच गोष्टीतली आहेत. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ पासून होती, भाऊ दाजी लाडांचे भाऊ नारायण दाजी तिच्यात होते, चांगले फोटो काढायचे. या तेजीच्या काळातल्या घाटातल्या गाडीवानांचा एखादा फोटो निघाला असता तर मी तो उराशी धरला असता.

प्रश्न : घर आवरताना ट्रंकेत आजोबांचा लष्करी गणवेशातला फोटो सापडला, बहुतेक दुसऱ्या महायुद्धाच्या वेळचा. शेजारी एक माणूस उभा आहे तो कोण ते कोणालाच माहीत नाही. मागे फक्त स्टुडिओचा अर्धा पुसट शिक्का. घरात तेव्हाचं आता फक्त माझी आत्या आहे, ८८ वर्षांची, सटाण्याला असते. नुसत्या फोटोवरनं माणूस सापडतो का? (सिडको)

सापडतो. कसा ते सांगतो, गोष्ट याच युद्धातली आहे.

गेटिसबर्गच्या लढाईनंतर एक मेलेला सैनिक सापडला. खिशात पत्र नाही, ओळखीचं काही नाही. हातात फक्त काचेवरचा एक फोटो, तीन लहान मुलांचा. मरताना त्यांच्याकडे बघत असणार. तो फोटो फिरत फिरत फिलाडेल्फियाच्या जॉन बॉर्न्स नावाच्या डॉक्टरकडे आला. ऑक्टोबर १८६३ मध्ये फिलाडेल्फिया इन्क्वायररमध्ये मजकूर आला, मथळा ‘हा कोणाचा बाप?’. फोटो छापता येत नव्हता, वर सांगितलंच, म्हणून नुसतं शब्दांत वर्णन केलं, तीन मुलं, कोण कुठे बसलंय, मोठ्या मुलाचा शर्ट आणि मुलीचा फ्रॉक एकाच कापडाचा आहे. दुसऱ्या पेपरांनी ते उचललं. न्यूयॉर्क राज्यातल्या पोर्टव्हिल नावाच्या छोट्या गावात फिलिंडा ह्युमिस्टन नावाच्या बाईपर्यंत ते पोचलं. तिने नवऱ्याला असाच फोटो पाठवला होता आणि बरेच दिवस त्याचं पत्र नव्हतं. डॉक्टरने प्रत पाठवली, तिने ओळखली. तो सार्जंट एमॉस ह्युमिस्टन, १५४ वी न्यूयॉर्क. मुलं फ्रँक, ॲलिस आणि फ्रेड. पुढे त्या फोटोच्या प्रती विकून पैसे जमवले आणि १८६६ मध्ये गेटिसबर्गला सैनिकांच्या अनाथ मुलांसाठी आश्रम उघडला.

एकाच कापडाचा शर्ट आणि फ्रॉक! आपल्याकडे दिवाळीला एकाच ताग्यातनं सगळ्या पोरांना शिवायचे तसंच. ज्या आईने ते शिवलं ती वर्णन वाचून चुकणार नाही. मी ही गोष्ट कितीदा सांगितली असेल, अजून सांगताना घसा दाटतो.

पण उलटंही आहे. २०१० मध्ये लिल्येनक्विस्ट कुटुंबाने या युद्धातल्या सैनिकांचे शेकडो छोटे फोटो अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला, लायब्ररी ऑफ काँग्रेसला दिले, काचेवरचे आणि लोखंडी पत्र्यावरचे. त्यातल्या बहुतेकांखाली एकच शब्द, अनोळखी. एक छोटी मुलगी आहे सुतकाच्या कपड्यांत, मांडीवर बापाचा फ्रेम केलेला फोटो, तो घोडदळाच्या वेशात. दोघंही अनोळखी. हे सगळे फोटो लायब्ररीच्या साइटवर फुकट आहेत, मोठी फाइल उतरवून झूम करा, शर्टाची बटणं मोजता येतात.

आता तुमच्या फोटोचं. आधी चांगला स्कॅन करून घ्या, १२०० डीपीआय सांगा, मोबाइलने काढू नका, लाइटची चमक येते. मग टोपीवरचा बिल्ला आणि खांद्यावरची अक्षरं मोठी करून बघा, त्यावरनं पलटण कळते, आणि पलटण कळली की ती त्या काळात कुठे होती ते शोधता येतं. पत्र्यावरच्या जुन्या फोटोत अक्षरं उलटी दिसतात, तुमचा कागदी आहे त्यामुळे सरळच असतील. मग मागचा रंगवलेला पडदा बघा, खांब, जिना, झाडं काय आहे ते. अमेरिकेत मिसूरीच्या बेंटन बॅरॅक्समधल्या स्टुडिओचा पडदा ओळखून किती फोटोंची जागा लागली. देवळालीला तेव्हा फौजा यायच्या-जायच्या, जवान फोटो काढून घरी पाठवायचे, तुमच्या ओळखीतल्या एखाद्या घरी त्याच पडद्यासमोरचा दुसरा फोटो नावासकट असू शकतो. शिक्का पुसट आहे म्हणता, टॉर्च बाजूने तिरपा धरून बघा, दबलेली अक्षरं वर येतात. फोटो ओल्या फडक्याने पुसू नका. लॅमिनेट तर अजिबात करू नका, लोकांनी प्रेमाने असे किती फोटो कायमचे घालवलेत ते मी पाहिलंय.

आणि हे सगळं नंतर केलं तरी चालेल. आधी या रविवारी सटाण्याला जा. फोटो मूळ न्या, मोबाइलमधला नको, आत्याच्या हातात द्या आणि गप्प बसा. आजोबांबद्दल विचारू नका, त्या शेजारच्या माणसाबद्दलही लगेच विचारू नका, त्या स्वतः काय बोलतात ते ऐका आणि रेकॉर्ड करा. जे नाव निघेल ते मऊ शिसपेन्सिलने, हलक्या हाताने फोटोच्या मागे कडेला लिहा, बॉलपेन नको, त्याचा दाब पुढे उमटतो. नाव, नातं, गाव, आणि कोणी सांगितलं व कधी, तेही लिहा. आत्याचं नाव राहू देऊ नका त्यात.